भासऱ्याच्या झाडावरची तार

सकाळी सुचिता मागचं दार उघडायची, तेव्हा भिंतीवर संत्री मांडलेली असायची. हिरवी, कडक, अजून रंग न धरलेली. देठाशी पिवळसर डाग, बुडाला ओली माती. रात्रभरात बागेत गळालेली फळं. कधी ओळीनं, कधी नुसता ढीग. मांडणारा माणूस तोवर निघून गेलेला असायचा. त्याला जे सांगायचं ते संत्री सांगत.

सौंसरच्या कडेला, जिथं घरं विरळ होतात आणि बागा दाट होतात, तिथं दोन भावांची दोन घरं. मधे कमरेएवढी भिंत. अलीकडे मंगेश, शाळेत विज्ञान शिकवणारा, आणि त्याची बायको सुचिता. पलीकडे थोरले भगवंतराव आणि जयश्रीबाई. वाटणीत बाग थोरल्याकडे गेली, कारण धाकट्याला नोकरी होती. त्यावरून दोघांत कधी चकार शब्द झाला नाही.

भगवंतराव म्हणजे सुचिताचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आणि त्यांच्या घराण्यात भासऱ्याशी धाकटी सून बोलत नसे. राग-लोभाचा त्यात संबंध नव्हता, रीतच तशी. ते आले की पदर डोक्यावर, नजर उंबऱ्यावर. काही सांगायचंच असलं तर जावेला सांगायचं, लेकरू जवळ असलं तर लेकराला, कुणीच नसलं तर भिंतीला. ‘मोठ्या बाबाले म्हणा, चहा झाला.’ लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत भगवंतरावांनी धाकट्या सुनेच्या तोंडून सरळ एक शब्द ऐकलेला नव्हता.

भासरा आला दारी, पदर डोईवरी गेला
शब्द उंबऱ्याशी आला, बाई माघारी फिरला

आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शब्द न टाकणारी ही बाई जपानशी बोलायची.

मागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर तिचं स्टेशन होतं. एक रेडिओ, एक माइक, कानाला लावायचे फोन, आणि खिडकीतून बाहेर गेलेली जाड काळी केबल. दोन वर्षांपूर्वी लेक पूनम शिकायला नागपूरच्या वसतिगृहात गेली आणि घर एकाएकी मुकं झालं, तेव्हा सुचिताचा भाऊ योगेश आपला जुना संच घेऊन नागपूरहून आला. तो स्वतः हौशी रेडिओवाला. ‘ताई, तू शिक. तुझा कान चांगला आहे.’ ती शिकली. नागपूरला जाऊन परीक्षा दिली, सरकारी परवाना आला, आणि परवान्यासोबत काही अक्षरं आणि एक आकडा मिळून झालेली एक हाक आली. जगात दुसऱ्या कुणाचीच नाही अशी. माहेरच्यांनी एक नाव ठेवलं होतं, सासरच्यांनी आडनाव दिलं होतं. ही हाक तिनं स्वतः कमावली होती.

रेडिओचा आवाज दूर जायला तार उंच लागते. तारेचं एक टोक मंगेशच्या गच्चीवरच्या पायपाला, आणि दुसरं भगवंतरावांच्या बांधावरच्या कडुनिंबाला. आसपास तेवढं एकच झाड उंच होतं. मंगेशनं विचारलं होतं, तेव्हा दादा हसले होते. ‘बांध ना बाप्पा. झाड बापानं लावलं, अन् बाप दोघायचा.’

वर्षातून एकदा, पोळ्यानंतरच्या शनिवार-रविवारी, एक मोठी स्पर्धा असायची. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू. जगभरातले हौशी रेडिओवाले एकमेकांना हाका मारत, आणि ज्याच्या हाकेला जास्त जण ओ देतील तो पुढं. बोलणं अगदी थोडं. तुझा आवाज कसा येतो त्याचा आकडा, स्वच्छ आला तर फाइव्ह नाईन, आणि तुझं वय. झालं, पुढचा. बायकांना मात्र सूट होती. वय सांगायचं नसलं तर शून्य-शून्य म्हणायचं.

‘तू शून्यच म्हण,’ मंगेश चिडवायचा. ‘मेक्सिकोवाल्याले काय पत्ता लागते?’

‘मी त्रेचाळीस वर्षांची आहो, त्रेचाळीसच सांगीन. शून्याशी कोण बोलते?’

वर्षभर ती त्या दोन दिवसांची वाट पाहायची. माहेरी जायच्या दिवसाची पाहावी तशी.

यंदा श्रावणात आंबिया बहाराची फळं गळू लागली. पाऊस धरून बसला होता, बागेत पाणी निथरत नव्हतं. आधी दहा-पाच, मग टोपलीभर. आणि मग भिंतीवरची ती मांडणी सुरू झाली. चार दिवसांनी जयश्रीबाई धुणं वाळत घालता घालता भिंतीशी येऊन म्हणाल्या, ‘हे म्हणून राह्यले, तारेनं होते.’

संध्याकाळी मंगेश भिंतीशी गेला. सुचिता स्वयंपाकघराच्या दाराआड कणीक मळत होती.

‘दादा, तारेनं फळ नाही गळत. बुरशीनं गळते, साचल्या पाण्यानं गळते. सारा तालुका गळून राह्यला. तिकडं पांढुर्ण्याकडं पाह्यून ये, त्यायच्या बागेत कोणती तार आहे?’

‘त्यायच्याकडं बुरशी असंन,’ भगवंतराव म्हणाले. ‘माह्याकडं तार आहे.’

‘विज्ञान असं नाही म्हणत, दादा.’

‘तुहं विज्ञान पोट्ट्यायले सांग. ते मान हालवतात, त्यायले पास व्हाचं असते.’

मंगेशला ते लागलं. शाळेत कुणी असं बोललं असतं तर त्यानं सरळ प्रयोगाचं सामान काढलं असतं. इथंही त्यानं तेच केलं.

‘बरं. प्रयोगच करू. पंधरा दिवस तार उतरवतो. गळ चालूच राह्यली तं तुला मानावं लागंन का तारेचा दोष नाही. अन् गळ थांबली तं पुन्हा तार बांधणार नाही. शब्द देतो.’

भगवंतरावांनी वर कडुनिंबाकडे, तारेकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘पाह्य बा. तुह्या घरचं आहे, तू पाह्य.’

दाराआड सुचिताचे हात कणकेत तसेच राहिले. कणीक बोटांवर वाळू लागली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तार उतरली. तिनं ती स्वतः गुंडाळली, कोपर आणि अंगठा यांच्यामधून, लोकर गुंडाळतात तशी. रेडिओवर तिनं जुना टॉवेल टाकला. आणि त्याच आठवड्यात आभाळ उघडलं. ऊन पडलं, बागेतलं पाणी ओसरलं, भगवंतरावांनी दोनदा फवारणी करून घेतली. भिंतीवरचा ढीग ओळ झाला, ओळीची दोन फळं झाली. मग एका सकाळी भिंत रिकामी होती. दुसऱ्याही सकाळी रिकामी.

सुचिता त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिली. ढीग असता तर बरं झालं असतं.

‘ऊन पडलं, औषध मारलं, अन् तार उतरली,’ मंगेश जेवताना हळू आवाजात म्हणाला. ‘तीन गोष्टी एकदम बदलल्या. याले प्रयोग नाही म्हणत. सातवीच्या पोराले सांगतो मी, का एका वेळी एकच गोष्ट बदलाची.’

‘मंग जाऊन सांगा ना.’

‘आता कोण्या तोंडानं सांगू? शब्द देऊन बसलो.’

‘तार माही होती,’ ती म्हणाली. ‘शब्द तुम्ही दिला.’

त्यानं घास ताटात ठेवला. उठून हात धुतले आणि वह्या तपासायला बसला.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता. तार छपरावर लोळवून ठेवली तर आवाज बागेच्या पलीकडे जाणार नाही, हे सुचिताला माहीत होतं. तरीही गुरुवारी दुपारी तिनं रेडिओवरचा टॉवेल काढला, धूळ पुसली, पुन्हा टॉवेल टाकला. तेवढ्यात जयश्रीबाई वाटीत उरलेल्या करंज्या घेऊन आल्या.

‘घे वो सुचिता, मऊ पडल्या, पण गोड आहेत.’ त्या टेकल्या. खोलीभर नजर फिरवली. ‘एक सांगू का? बरं झालं तार गेली. फळायचं सोड. आमच्या पेटीले चैन पडलं.’

‘कोणत्या पेटीले, बाई?’

‘देवघरातली नाही का, जामसांवलीच्या मारुतीहून आणली ती. चोवीस तास रामनाम म्हणते. तिच्यातून रडणं येत होतं ना.’

सुचिताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ‘रडणं?’

‘बाई तोंडात पदर कोंबून रडते ना, तसं.’ जयश्रीबाईंनी आवाज खाली केला. ‘आधी मले वाटलं पेटी खराब झाली. मंग ध्यानात आलं. तू या खोलीत येऊन दार लावलं का तिकडं सुरू. तू बाहेर निघाली का बंद. हे पहाटे पूजेले बसत, अन् मारुतीरायापुढं तुहं रडणं. दोन डाव यायनं पूजा अर्धी टाकली, माहीत आहे?’

सुचिताच्या मनात एकदम उलगडलं. तार बागेवरून गेलेली, देवघराच्या छपराजवळून. तिचा आवाज त्या पेटीच्या वायरमध्ये शिरत होता. पण तिच्या रेडिओतलं बोलणं अशा साध्या पेटीत शिरलं की त्यातले शब्द उरत नाहीत, उरतो फक्त घोगरा, चोंदलेला चढउतार. योगेशनं हे तिला कधीचं सांगितलं होतं. ती विसरली होती.

‘मी मोबाइलवर भरून ठेवलं होतं,’ जयश्रीबाई म्हणाल्या. ‘माह्या बहिणीले ऐकवाले. थांब.’

मोबाइलमधून आधी रामनाम आलं. मग रामनामाला चिरत एक आवाज आला. गुदमरलेला, हुंदक्यांनी तुटणारा. सुचिता पुढं वाकली. कुणी तरी बाई आत कोंडलेली असावी, आणि तोंडावर हात दाबलेला असावा. ते ऐकवेना. पण ऐकता ऐकता तिची बोटं मांडीवर ताल धरू लागली. दोन लांब, तीन आखूड. ही तर तिची हाक. मग थांबणं, मग घाईघाईनं काही, आणि मग ते सगळ्यात भेसूर, वर चढत जाऊन तुटणारं, पुन्हा चढणारं.

ती कोणती सकाळ होती ते तिला आठवलं. पहिल्यांदा अर्जेंटिना लागला होता. पलीकडच्या माणसानं तिची हाक चुकवली, पुन्हा चुकवली, तिसऱ्यांदा अगदी बरोबर घेतली. आणि ती खळखळून हसली होती. माइकचं बटण सोडायचंही भान राहिलं नव्हतं.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘मी रडत नाही हे. मी हासून राह्यली.’

जयश्रीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आजाऱ्याकडे पाहावं तसं. ‘सांगू नको मले. मी बी बाई आहो.’

‘खरंच सांगते.’

‘मंग यायले कोण सांगंन? मी म्हणलं, यंत्राची भानगड असंन. तं म्हणे, तू जावेचं झाकून राह्यली.’ त्या उठल्या, पदर सावरला. ‘यायची आई म्हणे, घरची बाई आतल्या आत रडली का बहार टिकत नाही. यायच्या डोक्यात तेच. भावाले कसं विचारतील, बापा, तू बायकोले रडवतो का म्हणून? अन् तुले तं विचारताच येत नाही. मंग घेतलं तारेचं नाव.’

करंज्यांची वाटी टेबलावर राहिली.

संध्याकाळी मंगेश शाळेतून आला, चहा झाला, आणि सुचितानं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

‘म्हणजे दादाले वाटते, मी तुले...’ तो उठून उभा राहिला. ‘मी कधी हात उचलला?’

‘नाही.’

‘कधी शिवी दिली? कधी जोरानं बोल्लो?’

‘नाही ना. जोरानं बी नाही, हळू बी नाही.’

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे काय?’

ती वाळलेले कपडे घडी करत होती. त्याच्या सदऱ्याची बाही तिनं हातानं सारखी केली. ‘तार उतरवाच्या आधी तुम्ही मले एकडाव तरी विचारलं असतं. एवढंच.’

‘तू उद्या तिकडं जाऊन काही सांगू नको,’ तो एकदम म्हणाला. ‘तू गेली तं त्याले अजूनच खरं वाटंन. नवऱ्यानं शिकवून पाठवलं म्हणंन. माही काय इज्जत राहीन त्याच्यापुढं?’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सुचितालाही ते कळत होतं. तिनं भाकरी केल्या, भांडी घासली, दिवा मालवला. बोलली तर नवऱ्याची लाज जाते, न बोलली तर तिची हाक जाते. यंदाचीच नव्हे, कायमची. तार गेली की त्या अक्षरांना ओ देणारं कुणी नाही, आणि मग ती अक्षरं कागदावर छापलेली राहतील, बस.

शुक्रवारी सकाळी मंगेश शाळेत गेल्यावर ती मागच्या दारानं निघाली, भिंतीच्या टोकाला जी फट होती तिच्यातून बागेत गेली.

भगवंतराव फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू लावत होते. ती दिसली तसे ते अर्धे वळले, तोंड दुसरीकडे केलं, आणि रीतीप्रमाणे हाक दिली, ‘जयश्री! पाह्य वो, काय पाह्यजे!’ जयश्रीबाई विहिरीकडे गेलेल्या होत्या. हाक बागेत फिरून विरली. एक पोपट उडाला.

सुचिताचा पदर डोक्यावर होता. रोज पहाटे ती जगातल्या अनोळखी माणसांना न अडखळता हाक मारायची, आणि इथं दहा हातांवरच्या माणसापुढं तिला घाम फुटला.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘मी रडत नव्हती.’

भगवंतरावांच्या हातातला बांबू तसाच हवेत राहिला. ते वळले नाहीत. फांदीलाच म्हणाले, ‘रडत नव्हती म्हणते. नवऱ्यानं सांगून पाठवलं असंन.’

‘त्यायनं जाऊ नको म्हणलं. तरी आली.’

टेकू फांदीखाली लागला. त्यांनी तो हलवून पाहिला. ‘मंग ते काय होतं? मी आपल्या कानानं ऐकलं.’

‘हासणं होतं. यंत्रातलं हासणं तुमच्या पेटीत शिरलं का वाकडं होऊन येते. बोल बी तसेच येतात. अर्जेंटिनाचा माणूस होता, दादा. म्हातारा. त्यानं माही हाक तिसऱ्या डावात बरोबर धरली, म्हणून हासली.’

‘हासणं,’ भगवंतराव म्हणाले. त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. मग आवाज चढला, पण रागानं नाही. ‘एकोणीस वर्षं झाली या घरी येऊन. मधात भिंत केवढी, तं कमरेएवढी. तिकडं भांडं पडलं तं इकडं ऐकू येते. हासणं काहून नाही आलं कधी? भिंतीवरून काहीच येत नाही, अन् पेटीतून रडणं येते. मंग माणसानं काय समजाचं? सांगा.’

‘सांगा’ हे तिला होतं. फांदीला नव्हतं. आता त्यांनीही रीत ओलांडली होती, आणि दोघंही त्यानं घाबरल्यासारखे झाले.

तिच्याकडे उत्तर होतं. ते इतकं साधं होतं की आता खरंच रडू येतं की काय या धाकानं तिनं एका दमात सांगून टाकलं. ‘तिकडं हाक मारली का कोणी ओ देते, दादा.’

भगवंतरावांनी टेकूवरचा हात काढला. खाली बसले, दुसरा बांबू उचलला, त्याचं टोक बोटानं चाचपलं.

‘अन् फळं पुन्हा गळली तं?’

‘गळली तं तार मी उतरवीन. यायचा शब्द नाही, माहा शब्द आहे.’

‘मंगेशले म्हणा, संध्याकाळी शिडी आण.’ ते पुन्हा फांदीशी बोलू लागले होते. ‘अन् खिळा ठोकू नको म्हणा झाडाले. दोरीनं बांध.’

संध्याकाळी मंगेश शिडीवर चढला. खाली शिडी धरून भगवंतराव. सुचिता गच्चीवरून तार सोडत होती. तिला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

‘दादा, तुले वाटलं तं मले सरळ विचाराचं होतं.’

‘काय विचारतो? तू म्हणला असता, विज्ञान असं नाही म्हणत.’

मंगेशला हसू आलं. ते अर्ध्यातच थांबलं. ‘पण तुले खरंच वाटलं, मी तसा आहो?’

खाली भगवंतरावांनी शिडीचा पाय मातीत घट्ट रोवला. ‘मी काही पाह्यलं नाही,’ भगवंतराव म्हणाले. ‘म्हणून तं वाटलं. वरची गाठ आवळ. सुटंन ते.’

मंगेशनं गाठ आवळली. खाली उतरल्यावर त्यानं हात झटकले आणि सुचिताकडे वर पाहिलं. काही तरी बोलायचं त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं. ‘पुरे एवढी?’ त्यानं विचारलं.

‘अजून हातभर ओढा,’ ती म्हणाली.

योगेशनं दिलेली एक काळी लोखंडी कडी तिच्याकडे होती. पेटीची वायर त्या कडीत तीनदा गुंफून घ्या, म्हणजे माझा आवाज आत शिरणार नाही, असं सांगून तिनं ती जयश्रीबाईंच्या हाती दिली. जयश्रीबाईंनी ती आधी मारुतीच्या पायाशी लावली, मग वायरला.

रात्री पावसाची एक जोराची सर येऊन गेली. सुचितानं ती अंथरुणात पडल्या पडल्या ऐकली, आणि सरीआडून बागेत काही पडतं आहे का, तेही ऐकायचा प्रयत्न केला.

पहाट ओली होती. तिनं खोलीचं दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. कानाला फोन लावले. साडेपाच वाजले आणि कोऱ्या खरखरीतून एकदम माणसंच माणसं उठली. जत्रेत देऊळ उघडल्यावर उठतो तसा कल्लोळ. तिनं बटण दाबलं. ‘सीक्यू, सीक्यू,’ कुणी आहे का ऐकणारं? पण आवाज घशातच बसला. मोबाइलमधलं ते ऐकल्यापासून तिला आपलाच आवाज परका झाला होता. पलीकडून कुणी तरी म्हणालं, ‘अगेन? अगेन?’ पुन्हा सांगा. तिनं खाकरून पुन्हा सांगितलं. ओ आली. जपानचा माणूस, वय एकाहत्तर. मग कझाकस्तान, मग पुन्हा जपान, मग एक कोवळा आवाज, वय पंधरा. हळूहळू घसा मोकळा झाला. एकामागून एक माणसं येत गेली, आपलं वय तिच्या ओंजळीत टाकत गेली.

उजाडलं. खिडकीतून बाग दिसू लागली.

भगवंतराव बागेत होते. खांद्यावर गमछा, धोतर गुडघ्यापर्यंत. ते एका झाडाखाली वाकले. उठले. दुसऱ्या झाडाखाली वाकले. सुचिताचे ओठ हलायचे थांबले. चौथ्या झाडाखाली ते बराच वेळ वाकलेले होते. उठले तेव्हा गमछ्याची झोळी झालेली होती, आणि झोळीला वजन होतं.

आता ते भिंतीकडे येतील. आता मांडतील. तिनं शब्द दिला होता. शिडी अजून कडुनिंबाला टेकलेलीच होती.

कानात कुणी तरी तिला हाक मारत होतं. दूरचा, पातळ आवाज. तिनं ओ दिली नाही.

भगवंतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ते भिंतीकडे पाठ करून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या बांधाकडे चालत गेले. झाडांआड दिसेनासे झाले. परत आले तेव्हा गमछा रिकामा खांद्यावर होता.

ते भिंतीशी येऊन उभे राहिले. खिडकी दहा पावलांवर होती. नजर त्यांनी भिंतीवरच ठेवली.

‘बंद काहून पडलं म्हणा?’ ते भिंतीला म्हणाले. ‘खिडकीतून आवाज येऊन राह्यला होता.’

मंगेश चहाचा कप घेऊन दारात आला होता. सुचितानं कानावरचा एक फोन सरकवला, खिडकीशी वाकली आणि सरळ विचारलं, ‘दादा, गळली ना?’

कप हातात तसाच धरून मंगेश थांबला. बायकोला असं बोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

‘काय गळलं?’ भगवंतराव म्हणाले. ‘मी सारी बाग पाह्यून आलो. मले तं काही दिसलं नाही बाप्पा.’

त्यांच्या गमछ्याला ओली माती लागलेली होती. ते भिंतीच्या पलीकडे तसेच उभे राहिले, निघाले नाहीत. एका कानात सुचिताला तो पातळ आवाज अजून ऐकू येत होता, तिची अक्षरं एक-एक करून जुळवत होता, आणि एक अक्षर चुकवत होता.

तिनं बटण दाबलं. आपली हाक पुन्हा सांगितली, अक्षर न अक्षर सुटं करून. मग म्हणाली, ‘फाइव्ह नाईन, फोर थ्री,’ आणि भिंतीपर्यंत पोचेल एवढा आवाज मोठा ठेवला.